माणसांवरील गुप्त जनुकीय संशोधन: लपवण्यामुळे नेमके काय बिघडते?

तिसरा पहारा

जनुकीय संशोधनाच्या नैतिकतेवर चर्चा सुरू झाली की ती बहुधा ‘माणसाने निसर्गात ढवळाढवळ करावी का’ या प्रश्नाशी जाऊन अडते आणि तिथेच विरते. या धाग्यात मला त्या प्रश्नाला हात घालायचा नाही. माझा प्रश्न त्याहून लहान आहे. माणसांवरचे जनुकीय संशोधन लपूनछपून केले, तर त्यातून होणारे नुकसान हे उघडपणे केलेल्या सदोष संशोधनाच्या नुकसानीपेक्षा वेगळ्या जातीचे असते का? माझ्या मते असते, आणि ते का हे एका चांगल्या नोंदल्या गेलेल्या प्रकरणावरून मांडतो.

नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनच्या शेन्झेन शहरातील हे जियानकुई (‘हे’ हे आडनाव) या शास्त्रज्ञाने जनुकसंपादन केलेल्या भ्रूणांपासून जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले. मुलींची खरी नावे प्रसिद्ध झाली नाहीत; जगाला त्या लुलू आणि नाना या टोपणनावांनी ठाऊक आहेत. पित्याला एचआयव्हीची लागण झालेली होती, मातेला नव्हती. ज्या दारातून हा विषाणू बहुतेक वेळा पेशीत शिरतो, ते तयार करणारे सीसीआर५ नावाचे जनुक क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्राने निकामी करायचे, अशी कल्पना होती. काही लोकांमध्ये या जनुकातील ३२ अक्षरे (म्हणजे डीएनएचे लहान घटक) जन्मतःच गळालेली असतात आणि दोन्ही प्रती तशा असतील, तर त्यांना एचआयव्हीची लागण सहसा होत नाही, ही गोष्ट विज्ञानाला आधीपासून माहीत होती. मात्र पित्याकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून शुक्राणू धुऊन वापरण्याची साधी पद्धत तेव्हाही उपलब्ध होती, त्यामुळे या मुलींना या बदलाची वैद्यकीय गरज नव्हती.

आता संमतिपत्र पाहू. प्रकल्पाचे नाव त्यात ‘एड्स लस विकास प्रकल्प’ असे होते. जोडप्याने मध्येच माघार घेतली, तर झालेला सगळा खर्च परत करायचा आणि तो सूचनेनंतर १० दिवसांत दिला नाही, तर वर १ लाख युआन दंड भरायचा, असे कलम त्यात होते. जनुकात भलत्याच ठिकाणी बदल झाल्यास जबाबदारी संशोधकांची नाही, असेही होते, आणि बाळाच्या जन्मदिवशीच्या छायाचित्रावरचा हक्क मात्र संशोधकांनी राखून ठेवला होता. हा मजकूर एखाद्या जागत्या नैतिकता समितीसमोर आला असता, तर पहिल्याच वाचनात परत गेला असता. न्यायालयाच्या निष्कर्षानुसार समितीच्या मंजुरीचा कागदच बनावट होता, आणि एचआयव्हीबाधितांना कृत्रिम गर्भधारणेची परवानगी नसल्यामुळे रक्ततपासणीला दुसऱ्याच माणसांना उभे केले होते.

मला सर्वांत जास्त खटकते ती यापुढची गोष्ट. गर्भाशयात सोडण्यापूर्वी दोन्ही भ्रूणांच्या काही पेशी काढून तपासल्या होत्या. लुलूच्या भ्रूणात जनुकाच्या एका प्रतीतील १५ अक्षरे गेली होती आणि दुसरी प्रत जशीच्या तशी होती, म्हणजे तिला संरक्षण मिळण्याची आशा जवळजवळ नव्हतीच. नानाच्या दोन्ही प्रती बदलल्या होत्या, पण निसर्गात आढळणारा ३२ अक्षरांचा बदल त्यात नव्हता; झालेले बदल नवेच होते आणि त्यांचा परिणाम कोणत्याही प्राण्यावर तपासलेला नव्हता. हे माहीत असूनही दोन्ही भ्रूण वापरले गेले. पालकांना कल्पना दिली होती, असे सांगितले जाते. पण ‘ज्या भ्रूणाला लाभ होणारच नाही, ते कशासाठी वापरायचे’ हे विचारणारा एकही त्रयस्थ माणूस त्या खोलीत नव्हता.

माझा मुद्दा हाच आहे. साध्या औषधाच्या चाचणीत धोका पत्करणारा माणूस समोर असतो आणि तो नाही म्हणू शकतो. भ्रूणाच्या जनुकात बदल केला की तो मूल जन्मभर वागवते आणि पुढच्या पिढीलाही देऊ शकते, आणि यांपैकी कोणालाही आधी विचारता येत नाही. ज्यांना विचारता येत नाही, त्यांच्या वतीने आधी हरकत घेऊ शकणारे लोक कोण? तर त्या प्रयोगाशी काहीही संबंध नसलेले समीक्षक, समितीतले बाहेरचे सभासद, दुसऱ्या प्रयोगशाळांतले प्रतिस्पर्धी, प्रश्न विचारणारे पत्रकार. न जन्मलेल्या मुलाला मिळू शकणारे संरक्षण एवढेच आहे आणि संशोधन गुप्त ठेवल्याने नेमके तेच काढून घेतले जाते. म्हणून गुप्तता हा इतर दोषांच्या यादीतला आणखी एक दोष आहे, असे मी मानत नाही. बाकीचे दोष तिच्या आश्रयानेच टिकतात.

इतरांचे मत, विशेषतः विरोधी मत, वाचायला आवडेल.

---

कंदील

मांडणी पटली, तरी एक शंका आहे. संशोधनात लपवाछपवी तर सगळीकडेच असते. रुग्णांची नावे लपवली जातात, आणि लपवलीच पाहिजेत. निष्कर्ष छापून येईपर्यंत कुणी तोंडातून अक्षर काढत नाही. जियानकुईचा खटलासुद्धा बंद दाराआड चालला आणि त्याचे कारण संबंधितांच्या खासगी बाबी असे दिले गेले. मग कोणते लपवणे योग्य आणि कोणते घातक, ही रेघ नेमकी कुठे ओढायची?

---

अन्वीक्षा

कंदील, मी रेणवीय जीवशास्त्रात काम करते, त्यामुळे या रेघेशी माझी रोजचीच गाठ असते. माझ्या दृष्टीने सहभागी माणसाची ओळख लपवणे हे त्या माणसाच्या हिताचे असते. अपुरे निष्कर्ष काही काळ हातचे राखणे हे बहुधा संशोधकाच्या हिताचे असते आणि ते चालवून घेतले जाते. परंतु प्रयोग चालू आहे हेच लपवणे, किंवा प्रयोगाचा खरा हेतू सहभागी माणसापासून लपवणे, यात सहभागी माणसाचे हित कधीच नसते. लपवण्याचा फायदा कोणाला होतो, एवढे विचारले तरी बऱ्याच वेळा उत्तर मिळते.

हा फरक व्यवहारात पाळता यावा म्हणूनच चाचण्यांची आगाऊ नोंदणी करण्याची पद्धत रूढ झाली. २००५ पासून प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांनी अशी अट घातली की पहिला सहभागी घेण्यापूर्वी चाचणी सार्वजनिक नोंदवहीत आलेली नसेल, तर निष्कर्ष छापणार नाही. नोंदणीत माणसांची नावे नसतात. काय करणार, कशासाठी करणार आणि यश कशाला म्हणणार, एवढेच असते. जियानकुईने आपल्या चाचणीची नोंद ८ नोव्हेंबर २०१८ ला केली. गर्भधारणा होऊन तेव्हा बरेच महिने लोटले होते.

आणखी एक तांत्रिक बाब सांगते, कारण वृत्तपत्रांतून ती नीट आली नाही. भ्रूणातून काढून तपासलेल्या पेशी बाळाच्या शरीराचा भाग होत नाहीत. त्या तपासणीतच संपतात. क्रिस्परने कापाकापी सुरू होईपर्यंत भ्रूणातल्या पेशींचे विभाजन सुरू झाले असेल, तर काही पेशींत एक बदल, काहींत दुसरा, काहींत काहीच नाही, अशी सरमिसळ होते. त्यामुळे तपासलेल्या चार-पाच पेशी निर्दोष निघाल्या, तरी राहिलेल्या पेशींबद्दल खात्री देता येत नाही. ही अडचण या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. हस्तलिखित आधी चार जाणत्या लोकांनी वाचले असते, तर पहिला आक्षेप हाच आला असता. ते हस्तलिखित कोणत्याही नियतकालिकाने छापले नाही. त्यातले उतारे २०१९ च्या अखेरीस पत्रकारांमार्फत बाहेर आले, आणि तोवर मुली वर्षाच्या झाल्या होत्या.

---

रानवारा

मी थोडी उलट बाजू मांडतो. जियानकुईचे समर्थन करण्याचा हेतू नाही, पण समित्यांवरचा तुम्हा सर्वांचा विश्वास मला भाबडा वाटतो. समित्या नव्या गोष्टींना स्वभावतःच घाबरतात. परवानगी मागितली तर नकार येणार हे ठाऊक असेल, तर धाडसी माणूस परवानगी मागणारच नाही. १९७८ मध्ये जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, त्याआधी त्या प्रयोगांवर धर्मगुरूंपासून नोबेल विजेत्यांपर्यंत सर्वांनी टीकेची झोड उठवली होती. सगळ्यांच्या होकारासाठी थांबले असते, तर नंतर त्या तंत्राने जन्मलेली लाखो मुले आज नसती. दुर्धर आनुवंशिक आजार असलेल्या कुटुंबाला ‘समाजाची चर्चा संपेपर्यंत थांबा’ असे सांगणे हीसुद्धा एक क्रूरताच नव्हे काय?

---

तिसरा पहारा

रानवारा, आक्षेप मोलाचा आहे, पण उदाहरण तुमच्याच विरोधात जाते. रॉबर्ट एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी बीजांडाचे शरीराबाहेर फलन केल्याचा निबंध १९६९ मध्ये ‘नेचर’मध्ये छापला, म्हणजे पहिल्या बाळाच्या नऊ वर्षे आधी. १९७१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने त्यांना अनुदान नाकारले. त्याच वर्षी एडवर्ड्स यांनी एका सहलेखकाबरोबर या संशोधनाच्या सामाजिक आणि कायदेशीर बाजूंवर ‘नेचर’मध्येच लेख लिहिला. टीकेची झोड उठली कारण लोकांना माहीत होते. म्हणजे त्यांनी नकार पचवला, पैसे दुसरीकडून उभे केले, वाद घातला आणि काम चालू ठेवले. धाडस करण्यासाठी लपावे लागते, हे त्यांच्या चरित्रातून तरी सिद्ध होत नाही.

---

अन्वीक्षा

याच प्रश्नावर दुसरी एक तुलना अधिक नेमकी आहे, कारण तिथे तंत्र जवळपास एकच होते आणि वाटा दोन होत्या.

मातेच्या मायटोकॉन्ड्रियामध्ये, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांमध्ये, घातक दोष असेल, तर तिच्या बीजांडातील केंद्रक दुसऱ्या स्त्रीच्या निरोगी बीजांडात बसवता येते. २०१५ मध्ये न्यू यॉर्कच्या एका वैद्यकीय चमूने हे केले, पण भ्रूण गर्भाशयात सोडण्यासाठी मेक्सिको गाठले, कारण अमेरिकेत तशी मुभा नव्हती. एप्रिल २०१६ मध्ये बाळ जन्मले आणि जगाला ते सप्टेंबरमध्ये कळले. त्या मुलाची दीर्घकाळ तपासणी करत राहण्यास पालकांनी नकार दिला. तो त्यांचा अधिकार आहे, मात्र परिणामी मिळू शकणारे ज्ञान तिथेच थांबले.

ब्रिटनने हाच विषय अनेक वर्षे चघळला. तज्ज्ञांचे अहवाल पुन्हा पुन्हा आले, लोकांची मते मागवली गेली आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये संसदेत मतदान झाले. त्यानंतरही प्रत्येक जोडप्याला स्वतंत्र परवानगी लागते. जुलै २०२५ मध्ये न्यूकॅसलच्या चमूने या पद्धतीने जन्मलेल्या आठ बाळांची माहिती प्रसिद्ध केली. काही बाळांत मातेच्या सदोष मायटोकॉन्ड्रियाचा थोडा अंश आढळला आहे, हेही त्यांनी त्यातच लिहिले, आणि बाळांची पुढची तपासणी ठरलेली आहे. दहा वर्षे हा मोठा काळ आहे आणि त्या दहा वर्षांत काही कुटुंबांची संधी हुकली असेल, हे मला मान्य आहे. पण आता तशाच जोडप्याला निर्णय घ्यायचा असेल, तर त्याच्यापुढे वाचण्यासारखे काहीतरी आहे.

उघडपणे काम केले म्हणजे ते संथच होणार, हेही सरसकट खरे नाही. २०२५ मध्येच फिलाडेल्फियात एका तान्ह्या मुलाच्या जीवघेण्या चयापचय विकारासाठी, केवळ त्याच्या एकट्याच्या जनुकातील चूक दुरुस्त करणारा उपचार सुमारे सहा महिन्यांत तयार करून दिला गेला. नियामक संस्थेची परवानगी घेतलेली होती आणि वृत्तांतही लगेच छापला गेला. तो बदल यकृतातील पेशींपुरता आहे, पुढच्या पिढीत जाणारा नाही, हा फरक मात्र लक्षात ठेवायला हवा.

---

काळोखवाट

‘धाडसी माणूस परवानगी मागणारच नाही’ या वाक्याचा वापर इतिहासात कोणी कोणी केला असेल, याचाही विचार व्हावा. ओत्मार फॉन फेरशुअर बर्लिनच्या मानववंश व आनुवंशिकी संस्थेचे संचालक होते आणि जुळ्यांच्या आनुवंशिकतेवरील संशोधनातले मोठे नाव होते. त्यांचा शिष्य योझेफ मेंगेले आउशवित्झच्या नाझी छळछावणीतून त्यांच्या संस्थेला कैद्यांच्या रक्ताचे आणि डोळ्यांचे नमुने पाठवत असे. युद्धानंतर फेरशुअर किरकोळ दंडावर सुटले आणि १९५१ मध्ये म्युन्स्टर विद्यापीठात मानवी आनुवंशिकीचे प्राध्यापक झाले. मेंगेलेचे नाव सर्वांना माहीत आहे. ते नमुने प्रयोगशाळेत स्वीकारणाऱ्याचे नाव फारच थोड्यांना माहीत आहे.

---

पानगळ

आतापर्यंतची चर्चा जनुके बदलण्याभोवती फिरते आहे. जनुकाला हातही न लावता गुप्त आनुवंशिक संशोधन आयुष्य कसे उसवते, याचे एक उदाहरण देते.

१९६० च्या दशकात न्यू यॉर्कमधील लुईस वाईज सर्व्हिसेस ही दत्तकसंस्था काही जुळ्यांना, आणि एका प्रकरणी तिळ्यांना, जाणूनबुजून वेगवेगळ्या घरांत देत होती. पीटर न्यूबॉअर या मानसोपचारतज्ज्ञाच्या चमूला त्या मुलांचा अभ्यास करायचा होता: सारखीच जनुके, वेगळी घरे, मग स्वभाव कशाने ठरतो? दत्तक घेणाऱ्या आईवडिलांना एवढेच सांगितले होते की मुलाच्या वाढीचा अभ्यास चालू आहे आणि तो पुढेही चालेल. संशोधक घरी यायचे, चाचण्या घ्यायचे, मुलाचे चित्रण करायचे, आणि तिथून निघून त्याच्याच भावाच्या घरी जाऊन तेच करायचे. दोन्ही घरांत एक अक्षर बोलायचे नाहीत. १९८० मध्ये तिळे भाऊ योगायोगाने एकमेकांसमोर आले, तेव्हा ते १९ वर्षांचे होते. त्यांच्यापैकी एकाने १९९५ मध्ये आत्महत्या केली. त्याचे कारण मी या अभ्यासावर लादणार नाही. माणसाच्या मरणाची कारणे इतकी सरळ नसतात.

अभ्यासाचे पूर्ण निष्कर्ष कधीच प्रसिद्ध झाले नाहीत. कागदपत्रे येल विद्यापीठाच्या अभिलेखागारात २०६५ पर्यंत मोहोरबंद ठेवण्याची अट घातली गेली. ज्या मुलांवर अभ्यास झाला, त्यांपैकी काहींना स्वतःविषयीचे कागद पाहण्यासाठी मोठी झगडाझगड करावी लागली आणि जे मिळाले, त्यातलाही बराच मजकूर झाकलेला होता. कंदील यांनी विचारलेली रेघ इथे अगदी स्पष्ट दिसते. कागद मोहोरबंद करून कोणाचे रक्षण झाले?

---

कंदील

पानगळ, हे वाचून सुन्न झालो. पण यातून एक व्यावहारिक प्रश्न निघतो. त्या पालकांनी ‘अभ्यास चालू आहे’ एवढ्याला होकार दिलाच होता. म्हणजे सही असूनही फसवणूक होऊ शकते. मग सहीला अर्थ काय राहिला?

---

अन्वीक्षा

सहीला अर्थ तिच्यावरच्या मजकुराने येतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गटाचा एक अर्ज नैतिकता समितीने एका ओळीवरून परत पाठवला होता. संमतिपत्रात आम्ही ‘उरलेला नमुना पुढील संशोधनासाठी वापरला जाऊ शकतो’ असे लिहिले होते. समितीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने, ज्यांचा विज्ञानाशी संबंध नव्हता, विचारले की पुढील म्हणजे कोणते, किती वर्षे आणि कोणाकडे. आम्हाला त्या वेळी वैताग आला. शेवटी आजाराचे नाव, साठवणुकीची मुदत आणि नमुना बाहेर देताना पुन्हा विचारण्याची अट, असे सगळे लिहावे लागले.

त्या बाईंचा प्रश्न किती मोठा होता, हे हावासुपाई लोकांच्या प्रकरणावरून समजते. ही अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनच्या तळाशी राहणारी छोटी आदिवासी जमात आहे. त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण फार होते, म्हणून १९९० पासून अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना त्यांनी रक्त दिले. पुढे तेच रक्त स्किझोफ्रेनियाच्या, जमातीतील अंतर्विवाहाच्या आणि त्यांचे पूर्वज कोठून आले असावेत याच्या अभ्यासालाही वापरले गेले. आपला उगम याच दरीत झाला, अशी त्या जमातीची श्रद्धा आहे. आपल्याच रक्ताच्या आधारे तिच्या विरोधातला निष्कर्ष मांडला जातो आहे, हे त्यांना ठाऊकही नव्हते. २००३ मध्ये त्याच विद्यापीठात चाललेल्या पीएचडीच्या एका सादरीकरणाला जमातीतील एक महिला हजर होती, तेव्हा हे उघडकीस आले. २०१० मध्ये विद्यापीठाने तडजोड म्हणून ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. संमतिपत्रावरचा मजकूर असा मोघम होता की कायद्याने त्यात बरेच काही बसवता आले असते.

---

सावरीचे झाड

यात अजून एक पदर आहे. जनुकीय माहिती एकट्याची नसतेच. हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकी कर्करुग्ण महिलेच्या गाठीतून १९५१ मध्ये त्यांना न विचारता घेतलेल्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतात, हे बहुतेकांनी वाचले असेल. २०१३ मध्ये युरोपातील संशोधकांनी त्या पेशींचा संपूर्ण जनुकसंच उघडपणे प्रसिद्ध केला, तेव्हा लॅक्स यांच्या हयात मुलानातवंडांच्या जनुकांविषयीही काही अंदाज बांधता येतील, हे संशोधकांच्या ध्यानात आले नव्हते. कुटुंबाने हरकत घेतल्यावर माहिती काढून घेण्यात आली आणि पुढे ती कोणाला द्यायची हे ठरवणाऱ्या समितीत कुटुंबातील दोघांना जागा मिळाली. म्हणून ‘सगळे उघड करा’ हे उत्तरही पुरे पडत नाही. संशोधन उघड हवे, माणसाची जनुके नव्हे. आणि हे दोन्ही एका वेळी सांभाळणे कटकटीचे आहे.

उलट टोकाचे उदाहरण टेक्सासचे. तिथे नवजात बाळांच्या टाचेतून तपासणीसाठी घेतलेले रक्ताचे थेंब पालकांना न विचारता साठवून संशोधनाला दिले जात होते. २००९ मध्ये पालक न्यायालयात गेले आणि राज्याने ५० लाखांहून अधिक नमुने नष्ट करण्याचे मान्य केले. त्यातले शेकडो नमुने लष्कराच्या एका डीएनए प्रयोगशाळेकडे गेले होते, ही बातमी त्यानंतर बाहेर आली. पालकांना आधी विचारले असते, तर अनेकांनी आनंदाने होकार दिला असता, असे मला वाटते. न विचारल्यामुळे बालरोगांच्या संशोधनाला उपयोगी पडला असता असा प्रचंड साठा अखेर जाळावा लागला.

---

रानवारा

उदाहरणे वजनदार आहेत हे मान्य. तरी माझा मूळ प्रश्न शिल्लकच आहे असे म्हणेन. जगात दोनशेच्या आसपास देश आहेत. एकाने बंदी घातली, तर संशोधक दुसऱ्या देशात जाईल, हे मेक्सिकोच्या उदाहरणात तुम्हीच सांगितले. मग तुमच्या त्या त्रयस्थ हरकतीला दात कुठून येणार?

---

नियमबाह्य

मी कायद्याच्या क्षेत्रात आहे, म्हणून या भागावर लिहितो. आंतरराष्ट्रीय पातळीवर दात नाहीत, हे खरेच आहे. माणसांवरील प्रयोगांची तत्त्वे सांगणारी १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता आणि १९६४ चे हेलसिंकी घोषणापत्र यांना नैतिक वजन आहे, परंतु त्यांच्या आधारे कोणाला थेट तुरुंगात टाकता येत नाही. पुढच्या पिढीत जाणारे जनुकीय बदल करण्यास मनाई करणारा १९९७ चा ओव्हिएडो करार बंधनकारक आहे, पण ज्यांनी त्याला मान्यता दिली, त्या युरोपीय देशांपुरताच. चीनमध्ये २०१८ साली प्रजननासाठी भ्रूणाचे जनुकसंपादन हा फौजदारी गुन्हा म्हणून नोंदलेलाच नव्हता. म्हणून जियानकुईला डिसेंबर २०१९ मध्ये झालेली तीन वर्षांची कैद आणि ३० लाख युआनचा दंड ही शिक्षा बेकायदा वैद्यकीय व्यवसाय या कलमाखाली झाली. संपादित भ्रूण गर्भाशयात सोडणे हा गुन्हा त्यांच्या फौजदारी कायद्यात २०२१ मध्ये आला.

मात्र मला कायद्याच्या फटीपेक्षा माणसांच्या गप्प बसण्याची जास्त चिंता वाटते. हे प्रकरण म्हणावे तितके गुप्त नव्हते. अमेरिकेतील काही नामवंत शास्त्रज्ञांना त्याची आगाऊ कल्पना होती आणि काहींनी जियानकुईला खासगीत परावृत्तही केले होते. एका नोबेल विजेत्याला एप्रिल २०१८ मध्येच ईमेलने गर्भधारणेची ‘आनंदवार्ता’ कळवली गेली होती. त्याने नापसंती कळवली, यापुढे मला यात धरू नका असेही लिहिले, आणि जियानकुईच्या कंपनीच्या सल्लागार मंडळावर मात्र बातमी फुटेपर्यंत कायम राहिला. ही सगळी माणसे वाईट नव्हती. त्यांच्यापैकी काहींनी नंतर सांगितले की कोणाला कळवायचे हेच समजत नव्हते, आणि ती सबब पूर्णपणे खोटी नाही. दुसऱ्या देशातल्या, न छापलेल्या, विश्वासाने सांगितलेल्या कामाची तक्रार घेणारी खिडकीच कुठे नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीने जुलै २०२१ च्या अहवालात बेकायदा, नोंद न केलेल्या किंवा धोकादायक जनुकसंपादनाची तक्रार नोंदवण्याची व्यवस्था उभी करावी, अशी शिफारस केली आहे. रानवारा, दात येतील तर असेच येतील. संशोधकाला देश बदलता येतो, पण त्याला भ्रूणतज्ज्ञ, यंत्रे, रसायने, सहलेखक आणि पैसा लागतोच. यांपैकी प्रत्येक जागी कोणीतरी माणूस असतो, आणि त्याला बोलण्याची सुरक्षित जागा असेल, तर एखाद्या देशातील सैल कायद्याचा फारसा उपयोग होत नाही.

---

पानगळ

नियमबाह्य, सहमत आहे. फक्त एवढे जोडते की विश्वासाने सांगितलेली गोष्ट फोडणाऱ्याला आपल्या क्षेत्रात पुढे कोण जवळ करते, हेही पाहायला हवे. टस्कीगीमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांवर उपचार न करता सिफिलिसचा अभ्यास १९३२ पासून ४० वर्षे चालला. तो थांबवण्यासाठी अमेरिकी आरोग्यखात्यातला एक तरुण कर्मचारी १९६६ पासून वरिष्ठांना पत्रे लिहीत होता. कोणी दाद दिली नाही. शेवटी त्याने कागद पत्रकाराच्या हाती दिले, तेव्हा १९७२ मध्ये तो बंद झाला. ते संशोधन जनुकीय नव्हते, पण आतल्या आत तक्रार करून काय होते, याचे मोजमाप तिथे मिळते.

---

तिसरा पहारा

चर्चा अपेक्षेपेक्षा खोलवर गेली. माझ्याकडून आता एकच प्रश्न मांडतो, कारण त्याचे उत्तर मला ठरवता आलेले नाही.

लुलू, नाना आणि त्यानंतर याच प्रयोगातून जन्मलेले तिसरे मूल आता शाळेत जाण्याच्या वयाची आहेत. त्यांच्या पेशींत नेमके काय झाले आहे, हे वेळोवेळी तपासले नाही, तर एखादा आजार वेळेत ध्यानात येणार नाही. सीसीआर५ नसेल, तर वेस्ट नाईल विषाणूचा आजार अधिक गंभीर होतो, हे तर आधीपासून माहीत आहे. २०२२ मध्ये चीनच्याच दोन नीतितज्ज्ञांनी, छिऊ रेनझोंग आणि लेई रुईपेंग यांनी, या मुलांच्या देखभालीसाठी सरकारने खास केंद्र काढावे असे सुचवले. त्यावर आक्षेप आला की असे केंद्र म्हणजे मुलांना आयुष्यभर प्रयोगाची वस्तू बनवणे होईल. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. प्रयोग सुरुवातीपासून उघड असता, तर तपासणीच्या अटी, माहिती कोणाकडे राहील आणि मूल मोठे झाल्यावर काय, हे सगळे जन्माआधीच ठरले असते.

---

अन्वीक्षा

माझे मत असे की त्यांची माहिती सरकार किंवा संशोधक यांच्यापैकी कोणाकडेही न राहता त्यांच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे असावी, आणि छापण्याचा निर्णय मुली सज्ञान होईपर्यंत, म्हणजे २०३६ पर्यंत, कोणीही घेऊ नये. अडचण अशी आहे की आपण कोण आहोत हे त्यांना तोवर सांगितले गेलेले असेल का, हेच बाहेरच्या कोणाला माहीत नाही. त्यांना मुले हवी असतील, तर हा प्रश्न २०३६ नंतर फार काळ पुढे ढकलता येणार नाही.

---

रानवारा

आणि सांगितल्यावर त्यांनी तपासणीला ठाम नकार दिला तर? मेक्सिकोतल्या पालकांचा नकार तुम्ही मान्य केला होता, तसाच हाही करणार का?

---

अन्वीक्षा

हो, करावाच लागेल. त्या पालकांनी निदान प्रयोगाला स्वतः होकार दिला होता. या मुलींना कोणी विचारलेही नव्हते.